भेगेकाठची वाट

"ऑन युवर लेफ्ट!" असं मागून कुणी ओरडलं, की नुकताच भारतातून आलेला माणूस हमखास डावीकडे सरकतो. कानावर 'लेफ्ट' पडतं, आणि डाव्या बाजूने चालण्याची सवय तर पायांत जन्माची मुरलेली असते. दोन्ही मिळून त्याला नेमकं सायकलच्या चाकापुढे नेऊन उभं करतात. त्या आरोळीचा अर्थ एवढाच की "मी तुमच्या डावीकडून पुढे निघालोय." अशा वेळी काहीच करायचं नसतं. आहात त्याच रेषेत, त्याच वेगाने चालत राहायचं. कॅलिफोर्नियातल्या सॉयर कॅम्प ट्रेलवर सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांना घेऊन जाणार असाल, तर बुटाच्या नाड्या बांधताना हे त्यांना सांगून ठेवा. 'इथे उजवीकडून चालायचं' एवढं सांगून भागत नाही. पाय विसरतात. रस्त्याच्या उजव्या कडेला तुम्ही राहायचं आणि त्यांना आणखी उजवीकडे ठेवायचं, हा त्यातल्या त्यात खात्रीचा उपाय.

ही वाट सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला, सॅन मटेओ काउंटीत आहे. लांबी सुमारे सहा मैल, म्हणजे साडेनऊ किलोमीटरच्या वर थोडी. पूर्ण डांबरी, मोटारींना बंदी. दक्षिणेचं टोक क्रिस्टल स्प्रिंग्ज रोड आणि स्कायलाइन बुलेव्हार्ड जिथे मिळतात तिथे, उत्तरेचं टोक मिलब्रेमधल्या हिलक्रेस्ट बुलेव्हार्डला. मध्ये दोन जलाशय लागतात, आधी लोअर क्रिस्टल स्प्रिंग्ज आणि शेवटी सॅन अँड्रियास. दर अर्ध्या मैलाला अंतराचा खांब आहे. बे एरियातल्या मराठी घरांतून शनिवारी सकाळी "चला, तळ्यावर जाऊ" असं निघतं, तेव्हा ते तळं बरेचदा हेच असतं.

सॅन अँड्रियास हे नाव ऐकून कान टवकारले असतील, तर बरोबर टवकारले. बाराशे किलोमीटर लांबीच्या त्या प्रसिद्ध भूकंपरेषेला नाव मिळालं ते या दरीवरून. ॲन्ड्र्यू लॉसन या भूवैज्ञानिकाने १८९५ मध्ये ते दिलं. रेषा दोन्ही तलावांच्या पोटातून जाते. वाटेच्या दक्षिण भागात तुम्ही पूर्व काठाने, उत्तर अमेरिकेच्या भूपट्टावरून चालत असता आणि समोरच्या काठावरचे हिरवेगार डोंगर पॅसिफिक भूपट्टावर उभे असतात. मधल्या पाण्याखाली जोड आहे.

या वाटेचे जे गुण लोकांना आवडतात, आणि ज्या अडचणींची ते तक्रार करतात, ते जवळजवळ सगळे या जोडापर्यंत मागे नेता येतात. दोन भूपट्ट एकमेकांना घासत राहिले की मधला खडक भरडला जातो. भरडलेला खडक पाण्याने सहज वाहून जातो आणि तिथे लांबच लांब, अरुंद, सरळसोट दरी तयार होते. अशा दरीला एका तोंडाशी बांध घातला की कमी खर्चात लांब तलाव मिळतो. आणि तलावाच्या काठाने काढलेला रस्ता पाण्याच्या पातळीला धरून जातो, म्हणून सपाट असतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला डोंगराळ मुलखात चार-पाच किलोमीटर सपाट चालायला मिळतं, त्यामागे ही एवढी साखळी आहे.

भूकंप आणि धरण म्हटलं की मराठी माणसाला कोयना आठवणारच. डिसेंबर १९६७ मध्ये तिथे धरणाच्या भिंतीला तडे गेले, पण भिंत उभी राहिली. कोयनेचे धक्के जलाशय भरल्यामुळे सुरू झाले असं बहुतेक अभ्यासक मानतात. इथे क्रम उलटा आहे. आधी दोन भूपट्टांमधली भेग, तिच्यामुळे दरी, आणि दरी आयती मिळाली म्हणून जलाशय.

तो बांध बघितल्याशिवाय चालायला सुरुवात करू नका. दक्षिणेच्या टोकापाशीच क्रिस्टल स्प्रिंग्ज धरणावरचा पूल आहे. बरीच वर्षं बंद असलेला हा पूल जानेवारी २०१९ मध्ये पुन्हा खुला झाला. पुलावरून एका बाजूला तलाव दिसतो, दुसऱ्या बाजूला धरणाची उतरती भिंत आणि पलीकडे डोक्यावरून गेलेला फ्रीवेचा उंच पूल. धरण बांधलं हर्मन शुस्लर या अभियंत्याने, स्प्रिंग व्हॅली वॉटर कंपनीसाठी, आणि ते १८९० मध्ये पुरं झालं. सलग काँक्रीट ओतण्याऐवजी त्याने मोठमोठे ठोकळे जागेवरच ओतले, एकमेकांत दात अडकतील असे. १९०६ च्या १८ एप्रिलला सुमारे ७.९ तीव्रतेचा भूकंप झाला. भेग धरणाच्या इतक्या जवळ असूनही भिंत जागची हलली नाही. थोडं दक्षिणेला, दोन क्रिस्टल स्प्रिंग्ज तलावांना विभागणारा मातीचा जुना बांध मात्र थेट भेगेवर होता. त्याचे दोन भाग एकमेकांपासून सुमारे अडीच मीटर सरकले. आज त्याच बांधावरून हायवे ९२ जातो आणि रोज हजारो गाड्या हाफ मून बेकडे धावतात.

त्या दिवशी तलाव भरलेले होते, धरणं शाबूत होती आणि तरी सॅन फ्रान्सिस्को तीन दिवस जळत राहिलं, कारण तलावापासून शहरापर्यंतचे नळ तुटले होते. पाणीपुरवठ्यात धरणाचंच कौतुक फार होतं, नळाचं कुणी करत नाही. असो.

आता कुंपण. पहिल्यांदा आलेले पाहुणे याच गोष्टीवर नाराज होतात. वाटेच्या पाण्याकडच्या बाजूला जाळीचं कुंपण आहे आणि पाण्यापर्यंत जायची सोय कुठेच नाही. पोहणं नाही, नाव नाही, मासेमारी नाही. कुत्र्यालाही आणता येत नाही, पट्टा बांधलेला असला तरी. कारण हे पिण्याचं पाणी आहे. १९३४ पासून योसेमिटीमधल्या हेच हेची नावाच्या जलाशयाचं पाणी दीडशेहून अधिक मैल वाहत इथवर येतं आणि सॅन फ्रान्सिस्कोबरोबर या द्वीपकल्पातल्या कितीतरी गावांना मिळतं. सनीव्हेल, मिलपिटस या मराठी वस्तीच्या गावांतही काही भाग त्याच पुरवठ्यावर आहे. खडकवासलाही पुण्याला पाणी पाजतं, पण तिथे चौपाटी आहे, भाजलेलं कणीस आहे, कांदाभजी आहे. इथे चहाची टपरीसुद्धा नाही. सुरुवातीला हे ओकंबोकं वाटतं. पण दीडएक शतक कुणाला पाण्यापर्यंत जाऊ दिलं नाही म्हणूनच पलीकडचा अख्खा डोंगर घरांविना, दिव्यांविना उरला आहे. फ्रीवे हाकेच्या अंतरावर असताना असा काठ दुसरीकडे शोधून सापडणार नाही.

टपरी नाही याचा व्यावहारिक अर्थ असा: पाणी घरून न्यायचं. माणशी अर्धा लिटर चालणाऱ्याला आणि पाऊण ते एक लिटर सायकलवाल्याला, कडक ऊन असेल तर त्याच्या दीडपट. वाटेत नळ मिळेल या भरवशावर निघू नका. फिरती शौचालयं मधूनमधून आहेत, पण त्यांत हात धुवायला पाणी असेलच असं नाही. हाताला लावायचं सॅनिटायझर खिशात असू द्या.

आता किती चालायचं हा प्रश्न. सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. वाट सपाट, सावली बरी, गप्पा रंगलेल्या. माणूस थकेपर्यंत पुढे जातो आणि मग लक्षात येतं की तेवढंच परत यायचंय. शहरातल्या रस्त्यावर अशा वेळी कुणीतरी गाडी घेऊन येतं. इथे मध्ये गाडी येण्याजोगी जागा नाही. एका बाजूला कुंपण आणि पाणी, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि वर फ्रीवे. आत शिरल्यावर बाहेर पडायची तोंडं दोनच. म्हणून पासष्टीपुढच्या माणसांबरोबर पहिल्या फेरीला दीड मैलाच्या खांबापाशी वळा, कितीही उत्साह असला तरी. जाऊन-येऊन तीन मैल, म्हणजे पावणेपाच किलोमीटर. निवांत चालीने दीड तास. दुसऱ्या दिवशी पाय दुखले नाहीत तर पुढच्या वेळी अडीच मैल.

पूर्ण सहा मैल एकाच दिशेने चालायचे असतील तर दोन गाड्यांची युक्ती करा. एक गाडी दक्षिणेच्या टोकाला लावून ठेवा, दुसरीतून सगळ्यांनी हिलक्रेस्टला जा आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे चालत या. दिशा महत्त्वाची आहे. सॅन अँड्रियास तलाव क्रिस्टल स्प्रिंग्जपेक्षा साधारण पन्नास मीटर उंचावर आहे. दक्षिणेकडून निघालात तर सपाट भाग आधी संपतो आणि पाय दमल्यावर शेवटच्या दीड-दोन मैलांत तो सगळा चढ अंगावर येतो. उलट आलात तर उतार ताज्या पायांनी निभतो. उतरताना गुडघ्यावर ताण येतो हे खरं, तेव्हा पाऊल लहान टाकावं. गाडीत, कुठल्याही टोकाला, पर्स किंवा लॅपटॉपची पिशवी दिसेल अशी ठेवू नका. काच फोडून पिशवी न्यायला मिनिटही लागत नाही.

सायकलवाल्यांना चढाचा त्रास फारसा नाही, त्यांचं खरं काम उतारावर आहे. वेगमर्यादा ताशी १५ मैल, म्हणजे २४ किलोमीटर. सपाटीवर ती पाळणं सोपं असतं, पण उत्तरेच्या सॅन अँड्रियास धरणावरून खाली येताना पॅडल न मारताही सायकल ती ओलांडते. वळणं आंधळी आहेत, झाडी दाट आहे आणि वळणापलीकडे बाबागाडी नाहीतर स्कूटरवरचं पाच वर्षांचं पोर असू शकतं. ब्रेक वळणाच्या आधी दाबायचा, वळणात नाही. दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा थोडा जास्त. पण रस्ता ओला असेल किंवा पानं पडलेली असतील तर पुढच्यावरचा जोर कमी करायचा. ओल्या पानांवर पुढचं चाक घसरलं की सायकल सावरायला वेळच मिळत नाही. शरद ऋतूत ओकची फळं रस्त्यावर पडतात. सायकलच्या टायरला त्यांचं काही वाटत नाही, पण मुलांच्या स्कूटरचं आणि स्केट्सचं लहान कडक चाक त्यांवर जागच्या जागी अडकतं आणि पोर पुढे फेकलं जातं. अठरा वर्षांखालच्यांना हेल्मेट हा कॅलिफोर्नियात कायदाच आहे. मोठ्यांना कायदा नाही, डोकं तेवढंच आहे.

घंटी वाजवायची ती पंधरा-वीस मीटर आधी. अगदी पाठीशी येऊन वाजवली की माणूस दचकतो, आणि दचकलेला माणूस कुठल्याही बाजूला उडी मारतो. घंटी एकदा, मग वेग कमी, मग आवाज. समोरचे मराठीत बोलत असतील तर "डावीकडून जातोय हं, काका" हे त्या इंग्रजी आरोळीपेक्षा शंभर पटीने सुरक्षित आहे.

टायरमध्ये हवा किती? हायब्रिडच्या ३५ ते ४० मिलिमीटरच्या टायरला ५० ते ६० पीएसआय, रोड बाइकच्या २८ च्या टायरला ७० ते ८०, वजनाप्रमाणे थोडं वरखाली. झाडांच्या मुळांनी डांबर जिथे उचललं आहे तिथे आडव्या वरंब्या आहेत. हवा कमी असेल तर टायर तिथे रिमपर्यंत दबतो आणि ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. तशी जोडभोकं दिसली तर काटा शोधत बसू नका, हवेचा दोष आहे. भोक एकच असेल तर मात्र नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतल्या बाजूने फडकं फिरवा. बोट फिरवलंत तर काटा बोटात जाईल. ही एक पायरी घाईत गाळली की दुसरी ट्यूब दहा मिनिटांत जाते, आणि तिसरी कुणाकडेच नसते. एक ट्यूब, दोन टायर लिव्हर, छोटा पंप आणि सहा मिलिमीटरपर्यंतच्या ॲलन चाव्या, एवढ्यात काम भागतं.

पाण्याचा काठ सोडून वाट ओढ्याच्या घळीत शिरली की हवा बदलते, सावली गडद होते आणि एक ओळखीचा वास येतो. साडेतीन मैलांच्या आसपास जेप्सन लॉरेल हे झाड आहे. वय सहाशे वर्षांहून अधिक मानतात. नाव विलिस लिन जेप्सन या वनस्पतिशास्त्रज्ञाचं. बुंधा कुंपणात आहे, शेजारी बसायला बाकं आहेत, आणि डबे उघडायला याहून चांगली जागा वाटेवर नाही. तो वास तमालपत्राचा. म्हणजे तमालपत्राच्या चुलतभावाचा, कुळ एकच. या जातीची झाडं घळीत सगळीकडे आहेत आणि पुलावासाठी चार पानं खुडण्याचा मोह आपल्याकडच्या प्रत्येक सुगरणीला होतो. एक तर इथे काहीही तोडायला मनाई आहे. शिवाय हे पान आपल्या तमालपत्रापेक्षा कितीतरी उग्र असतं. चार पानं टाकलीत तर पुलावाला बामाचा वास येईल. चुरगळून नाकाशी फार वेळ धरलं तर काहींचं डोकं दुखतं. त्याला डोकेदुखीचं झाड असंही म्हणतात ते उगाच नाही.

ओकच्या फांद्यांवरून फिकट हिरव्या जाळीच्या झिरमिळ्या लोंबताना दिसतात. ते शेवाळ नव्हे. ते लायकेन, म्हणजे गोड्या मसाल्यातलं दगडफूल ज्या गोत्रातलं, त्याच गोत्रातलं. मसाल्यात मात्र याचा उपयोग नाही.

ओळखायलाच हवी अशी वनस्पती एकच: पॉयझन ओक. कडेच्या झुडपांत, कुंपणावर चढलेली, कधी झाडावर वेलीसारखी. पळसाला पाने तीन, तशीच हिलाही तीन. मधल्या पानाला स्वतःचा लहानसा देठ असतो, कडेची दोन देठाविना चिकटलेली. वसंतात पानं तकतकीत, उन्हाळा सरताना लालभडक, आणि मुलं नेमकी त्या लाल पानांकडेच जातात. हिवाळ्यात नुसत्या काड्या उरतात, त्याही तितक्याच वाईट. ही बिब्ब्याच्या कुळातली आहे. बिब्बा उतल्यावर अंगाचं काय होतं हे ज्यांनी गावाकडे पाहिलंय त्यांना जास्त सांगायला नको. पानातलं तेल कातडीला लागतं तेव्हा काहीच कळत नाही. खाज आणि फोड बहुधा बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी येतात. स्पर्श झाल्याची शंका असेल तर लवकरात लवकर भांड्याच्या साबणाने, गार पाण्याने, घासून धुवा. नुसत्या पाण्याने तेल जात नाही. बुटाच्या नाड्या आणि सायकलची मूठ विसरू नका. अंग स्वच्छ धुतलेलं असतं, पण तेल मुठीवर राहतं आणि पुढच्या शनिवारी पुन्हा फोड येतात. मग माणूस म्हणतो, मी तर यावेळी झुडपाजवळ गेलोच नाही.

हवामानाबद्दल एकच पक्कं समजा: घराबाहेरचं ऊन बघून कपडे ठरवायचे नाहीत. जून ते ऑगस्टमध्ये खाली सॅन मटेओला शर्टाच्या बाह्या दुमडाव्या लागतात आणि वर दरीत दुपारी तीनच्या पुढे समुद्राकडचं धुकं पश्चिमेच्या डोंगरावरून उतू गेलेल्या दुधासारखं खाली येतं. वारा त्याच बाजूचा, बोचरा. पातळ जाकीट कमरेला बांधलेलं असू द्या. सायकलवाल्यांना तर परतीच्या उतारावर ते लागतंच. माझ्या मते फेब्रुवारी ते एप्रिलच्या सकाळी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा अख्खा दिवस हा इथला उत्तम काळ. पहिल्यात डोंगर हिरवे असतात, दुसऱ्यात धुकं दमलेलं असतं. मोठ्या वादळानंतर झाडं आडवी होऊन वाट बंद राहू शकते, तेव्हा निघण्याआधी काउंटीच्या पार्क खात्याची सूचना बघावी. फाटक सूर्यास्ताला बंद होतं.

रविवारी मुलांना आणखी मोकळं चालवू द्यायचं असेल तर दक्षिणेला कॅन्याडा रोड आहे. ठरलेल्या रविवारी तो काही मैल मोटारींना बंद असतो, आणि त्याच रस्त्यावर हेच हेचीचं पाणी इथवर पोचलं त्याची आठवण म्हणून बांधलेलं पुल्गास वॉटर टेंपल आहे. वळणं कमी, रुंदी जास्त. नव्याने शिकणाऱ्याला तेच बरं.

सॉयर कॅम्पचा शेवटचा चढ संपतो तो सॅन अँड्रियास धरणावर. हा मातीचा बांध क्रिस्टल स्प्रिंग्जच्या धरणाहूनही जुना. १९०६ मध्ये भेग त्याच्या पूर्वेच्या टोकाजवळच्या टेकडीतून सरकली, पण बांध फुटला नाही. वरून वाट गेली आहे, बहुतेक लोक पाण्याच्या बाजूला उभं राहून फोटो काढतात आणि निघतात. दोन मिनिटं थांबून दक्षिणेकडे बघा. आलात ती सगळी दरी एका ओळीत, फूटपट्टीने आखल्यासारखी दिसते. मग सायकल असेल तर ती उचलून पुढचं चाक फिरवून बघा, ब्रेकचे पॅड रिमला दोन्हीकडून सारखे लागतात का, आणि जाकिटाची चेन वर ओढा. पुढचे दोन मैल उतार आहे.